वाचक विचारतात : माणूस कुठे संपतो, जनावर कुठे सुरू होतं?

माणूस आणि प्राणी यांच्या मधल्या रेषेवर काम करणाऱ्या आजच्या कलेबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिशिया पिचिनिनी यांच्या एका शिल्पाचं छायाचित्र पाहिलं. डुकरीण म्हणावी की बाई, अशी कुणीतरी कुशीवर पडून पिल्लांना पाजते आहे. किळस आली आणि नजरही हटेना. आपल्याकडे नरसिंह, वराह, गणपती आहेतच की. मग यात नवं ते काय?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा

ते काम 'द यंग फॅमिली', 2002 सालचं. 2003 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ऑस्ट्रेलियाच्या दालनात ते मांडलं होतं. साहित्य म्हणाल तर सिलिकॉन, फायबरग्लास, चामडं, प्लायवूड आणि माणसाचे खरे केस.

बाई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. पुढच्या वेळी नरसिंहाची मूर्ती बघाल तेव्हा मान बघा. सिंहाचं डोकं आणि माणसाचं धड जिथे जुळतं तिथे आयाळ येते, हार येतात. गणपतीच्या मानेवरही तेच. शिल्पकाराने सांधा झाकला आहे, कारण तिथे थबकण्याचं भक्ताला कारण नाही. गोष्ट ठाऊक आहे. नरसिंहाचा तर जन्मच अटींच्या फटीतून झाला : माणूस नाही, पशू नाही, दिवस नाही, रात्र नाही, घरात नाही, बाहेर नाही. सीमारेषेचा इतका काटेकोर विचार जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पिचिनिनी सांधा झाकत नाहीत, आणि बोट ठेवून दाखवावा अशी रेघही ठेवत नाहीत. कातडी एकच आहे. तिच्यावर तीळ आहेत, सुरकुत्या आहेत, हाताची बोटं माणसाची आहेत, कान लोंबते आहेत. डोळ्यांतली थकलेली, सोशीक नजर ओल्या बाळंतिणीची आहे. 'हे जनावर' म्हणून तुम्ही अंग काढून घ्यायला जाता आणि ती नजर काढू देत नाही. तुमची किळस आणि खिळलेली नजर, दोन्ही तिथूनच येतात.

दुसरा फरक गोष्टीचा. या डुकरिणीला पुराण नाही. तिला कुणी जन्माला घातलं असेल, तर माणसाने, स्वतःच्या सोयीसाठी. माणसाला अवयव पुरवण्यासाठी प्राणी वाढवण्याची कल्पना या कामामागे आहे. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं गेलं. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. शिल्प त्याच्या वीस वर्षं आधीचं आहे.

धक्का नको असेल तर दिल्लीत काम करणाऱ्या भारती खेर यांची 2006 ची हत्तीण बघा. फायबरग्लासची, खऱ्या मापाची, जमिनीवर कोसळलेली, आणि अंगभर टिकल्या. माणसाचा एकही अवयव त्यात नाही. बाईच्या कपाळावरची टिकली जनावराच्या कातडीवर आली, एवढाच काय तो सांधा.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातला बिबट्या आणि बाई मिळून एकच देह करायचा आहे, पूर्ण उंचीचा. सिलिकॉनची कातडी आणि रोवलेले केस हवेत. काम जून-जुलैतच करावं लागेल आणि पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, कळवा

पूर्ण उंचीचा हट्ट आधी सोडा. खांद्यापर्यंतचा अर्धपुतळा करा. पाच फुटांची सामान्य कातडी लोक लांबूनच बघून पुढे सरकतात. दीड फुटाची अचूक कातडी असेल तर ते वाकून बघतात.

माती मळण्यापूर्वी सांधा कुठे येणार ते ठरवा आणि बिबट्याचा नीट अभ्यास करा. नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. बिबट्याच्या डोळ्यातली बाहुली गोल असते. उभी फट घरातल्या मांजराची. अंगावरच्या ठिपक्यांच्या कड्यांमध्ये मधोमध टिंब काढू नका, ते जॅग्वारचं लक्षण, आणि जॅग्वार येऊरला येत नाही. कान मांजरकुळात डोक्यावर चढलेले असतात, माणसात डोळ्यांच्या रेषेत. दोन्ही ठेवले तर चार कान होतात आणि लोक हसतात. गळ्याखालचं हाड, हासळी, बाईत ठळक दिसते. बिबट्यात ती नावापुरती, सांध्याला न जुळलेली असते. म्हणूनच त्याचे खांदे चालताना वर-खाली सरकतात. एका बाजूला हासळी आणि दुसऱ्या बाजूला ती विरत गेलेली, असा सांधा करून बघा, मुखवटा चढवल्यापेक्षा कितीतरी बोलका होईल.

डोळ्यांचा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा. माणसाच्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरा भाग उघडा दिसतो, बिबट्यात जवळजवळ दिसत नाही. पांढरा भाग दाखवलात की चेहरा कितीही बिबट्याचा असो, बघणारा त्याला माणूस समजून बघतो. लपवलात तर बाईचा चेहराही परका होतो. मिलिमीटरभर कमी-जास्त मातीने हा फरक पडतो. म्हणून तीन छोटे नमुने करा आणि विषय माहीत नसलेल्या माणसांना दाखवा.

आता साहित्य. 18 मिलिमीटर प्लायवर सळईचा सांगाडा उभा करा आणि डोक्याच्या भागात लाकडी काड्यांच्या फुल्या तारेने लोंबत्या बांधा, नाहीतर माती स्वतःच्या वजनाने खाली बसेल. शाडू 15 ते 20 किलो लागेल. ओलं फडकं आणि वर प्लास्टिक रोज. एक दिवस विसरलात की मानेवर भेग पडते. ऑइल क्ले घेणार असाल तर डब्यावर गंधक आहे का ते वाचा. प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन गंधकाला किंवा लॅटेक्सच्या हातमोज्याला लागलं की तिथे जमतच नाही, कायमचं चिकट राहतं. हातमोजे व्हिनाइल किंवा नायट्राइलचे वापरा.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन तुकड्यांत, काथ्या घालून. पावडरीत पाणी ओतू नका. पाण्यात पावडर भुरभुरत जा, पृष्ठभागावर बेटं उभी राहिली की थांबा, मिनिटभर मुरू द्या, मग हलवा. प्रमाण साधारण एक लिटर पाण्याला दीड किलो. मैत्रिणीच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा असेल तर कातडीवर थेट प्लास्टर कधीही नाही. जमताना ते तापतं आणि जाड थरात 60 अंशांच्या वर जाऊ शकतं. आधी ॲल्जिनेट (पाण्यात कालवून साचा घ्यायची, त्वचेला चालणारी पावडर), वर प्लास्टरची पट्टी तीन-चार थर, नाकपुड्या पूर्ण मोकळ्या, आणि हाताच्या खुणेने बोलणारा एक जण शेजारी. ॲल्जिनेट गार पाण्यात कालवलं तर जरा उशिरा जमतं, तेवढीच सवड मिळते.

पावसाळ्यात प्लास्टरचा साचा आठवड्यातही वाळत नाही. गालाला लावून बघा, गार लागला तर तो ओला आहे. बंद खोलीत पंखा आणि पिवळा बल्ब लावून दहा-बारा दिवस धरा. वाळल्यावर आतून ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सच्छिद्र प्लास्टरवर सिलिकॉन तसंच ओतलंत तर ते आत घुसून बसतं आणि सोडवताना पापणी साच्यातच राहते.

सिलिकॉन किती? अर्धपुतळ्याची कातडी साधारण 3,000 चौरस सेंटिमीटर, जाडी 4 मिलिमीटर. म्हणजे 1,200 घन सेंटिमीटर, वजनाने सुमारे 1.3 किलो. सांडलवंड धरून दीड किलो. लहान तुकड्यावर चाचणी घेतल्याशिवाय साच्यात ओतू नका. रंग वरून लावायचा नसतो, सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज काही टिकत नाही. ब्रशने तीन पातळ, अर्धपारदर्शक थर द्या : पहिला जवळजवळ बिनरंगी, दुसऱ्यात लालसर आणि निळसर शिरा, तिसरा त्वचेच्या मूळ रंगाचा. नवशिके सगळा रंग पहिल्याच थरात घालतात आणि कातडी खेळण्यातल्या बाहुलीची दिसते. शेवटच्या थरात जाळीचं कापड बसवा. सिलिकॉन फायबरग्लासला चिकटत नाही, म्हणून कापडाच्या कडा मागे ओढून स्क्रूने धरायच्या.

आतला गाभा फायबरग्लासचा. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणारी काचतंतूंची मॅट दोन थर, म्हणजे 0.3 चौरस मीटरला सुमारे 270 ग्रॅम. रेझिन त्याच्या अडीचपट, गळती धरून किलोभर आणा. हार्डनर 1 ते 2 टक्के, सिरिंजने मोजून. कमी पडला तर चिकट राहतं, जास्त झाला तर तापून तडकतं. कोबाल्ट, म्हणजे रेझिन जमण्याचा वेग वाढवणारं द्रावण, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. मॅट हवेतला ओलावा धरते आणि थरात पांढरे डाग उतरतात. ती बंद पिंपात ठेवा आणि धो-धो पावसाच्या दिवशी हे काम करू नका. फ्लॅटमध्ये तर कधीच नाही. रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासाला कापडी मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी एन-95 वेगळा.

केस. सुईच्या नेढ्याचं टोक घासून बेचकं करा आणि एकेक केस तिरका रोवा. सरळ रोवलात तर ब्रश दिसतो. सगळं अंग रोवत बसू नका. बिबट्याच्या भागावर कृत्रिम फर चालेल. रोवायचा पट्टा फक्त सांध्याच्या आजूबाजूचा, 5 सेंटिमीटर रुंद आणि 40 लांब. दर चौरस सेंटिमीटरला 15 केस धरले तर 3,000 होतात. तासाला 200 च्या वेगाने पंधरा तास. बघणारा नेमका तिथेच वाकणार आहे.

आणि येऊरच्या वारली पाड्यांशी बोलून घ्या. वाघोबाच्या लाकडी पाटावर वाघाबरोबर सूर्य-चंद्र कोरतात. तिथे माणूस आणि वाघ एका देहात येत नाहीत, शेजारी राहण्याचा करार करतात. तुमच्या कल्पनेपेक्षा ही कल्पना वेगळी आहे, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील.

आमचा चौघांचा गट आहे. सभागृहात तीन दिवस एक बकरी बांधून ठेवायची आणि येणाऱ्याने तिच्या गळ्यात स्वतःच्या नावाची पाटी अडकवायची, अशी कल्पना आहे. परवानगी कुठे मिळेल?
— खारघर

बकरी नको. तिकीट लावणार असाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्याची नोंदणी लागते. तिकीट नसलं तरी कलम 11 आहेच : आखूड दोरीने बराच वेळ बांधणं, पुरेसं अन्न-पाणी-जागा न देणं हा गुन्हा ठरतो. माकड, अस्वल, वाघ, सिंह, बिबट्या यांच्या खेळांवर तर स्पष्ट बंदी आहे.

कायदा बाजूला ठेवा. बकरी कळपातलं जनावर, एकटी ठेवली की तीन दिवस ओरडणार. गुळगुळीत टाइलवर खूर घसरतात. ती पाटीचा पुठ्ठा खाईल, दोरी खाईल, स्पॉटलाइटची वायरही चघळेल. दुसऱ्या दिवशी वासामुळे प्रेक्षक दारातूनच परततील.

जिवंत प्राण्यांची उदाहरणं तुम्हाला ठाऊक असतीलच. इटलीत काम करणारे कलावंत यानिस कुनेलिस यांनी 1969 मध्ये रोमच्या एका गॅलरीत बारा घोडे बांधले. जर्मन कलावंत जोसेफ बॉइस 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या गॅलरीत एका कायोटीबरोबर (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी), फेल्टच्या घोंगडीत गुंडाळून, तीन दिवस राहिले. पण तिथे पिंजऱ्यात माणूसही होता. तुमचे चौघे बाहेर उभे राहून चहा पिणार, फरक तिथे पडतो. 2000 साली डेन्मार्कच्या ट्रॅपहोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्ती यांनी दहा मिक्सरांत पाणी आणि गोल्डफिश ठेवले. बटण प्रेक्षकाच्या हाती. कुणीतरी दाबलंच. संचालकांवर खटला झाला आणि पुढे ते सुटले. ते काम क्रूर होतं, पण त्यातला प्रश्न प्रेक्षकाला होता. तुमच्या पाटीत प्रश्न कुणाला आहे ते आधी ठरवा.

बकरीऐवजी हे करून बघा. बकरीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते आणि तिला सभोवार सुमारे 320 अंश दिसतं. रंगज्ञान दोन प्रकारच्या पेशींचं, त्यामुळे लाल आणि हिरवा तिला वेगळे वाटत नाहीत. तीन प्रोजेक्टर, वर्तुळाकार पडदा, कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर, चित्रीकरण बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानासमोर. रंग पिवळ्या-निळ्यावर आणा. प्रेक्षकाने मान वाकवूनच आत यावं म्हणून दार तीन फुटांचं ठेवा. पाटी त्याच्याच गळ्यात अडकवा.

ऐरोलीच्या खाडीकाठी फ्लेमिंगोची गुलाबी पिसं पडलेली असतात. ती गोळा करून माणसाच्या पाठीचा पंख करावा म्हणते. चालेल ना?
— गृहिणी, ऐरोली

चालणार नाही. ठाणे खाडीचा तो भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही. अभयारण्यातून वन्यजीवाचं काही बाहेर नेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. 'पडलेलं होतं' हे उत्तर तिथे टिकत नाही. मोराच्या गळलेल्या शेपटीच्या पिसांना कायद्यात सवलत आहे, तशी ही नाहीत.

शिवाय ती टिकणारही नाहीत. त्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइडचा आहे. उन्हात काही महिन्यांत फिका पडतो.

कोंबडीच्या दुकानातून पांढरी पिसं आणा. कोमट पाण्यात डिटर्जंट घालून तीनदा धुवा, चोळू नका. हेअर ड्रायरने उलट्या दिशेने फुलवत वाळवा. हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. मग ॲसिड डाय, थोडं व्हिनेगर, 70 ते 80 अंशांचं पाणी. उकळी फुटली की पिसं वेटोळी होतात. एकाच गुलाबी रंगात सगळी बुडवू नका. तीन छटा करा, मुळाशी पांढरं राहू द्या. पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या नक्की, कसर पिसं खाते.

एका कलावंताने चमकणारा हिरवा ससा केला होता म्हणतात. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं काही जमेल का?
— बायोटेक्नॉलॉजीचा विद्यार्थी, वाशी

एदुआर्दो काक, 2000 साल, सशाचं नाव अल्बा. जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन सशात आलं होतं. साध्या उजेडात तो पांढराच दिसतो, निळ्या प्रकाशात हिरवट. ज्या फ्रेंच प्रयोगशाळेत तो जन्मला तिने तो बाहेर सोडलाच नाही. म्हणजे ससा प्रदर्शनात कधी आलाच नाही, आणि वाद मात्र जगभर झाला. त्या प्रथिनाच्या शोधाला 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुम्हाला जमणार नाही, आणि जमवू नका. जनुकबदलाच्या कामाला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते आणि बदललेला जीव परवानगीशिवाय प्रयोगशाळेबाहेर काढता येत नाही. फ्रान्सच्या मारियाँ लाव्हाल-जाँते यांनी 2011 मध्ये घोड्याच्या रक्तातले घटक टोचून घेतले, ते कित्येक महिने शरीर तयार करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याची नक्कल अंगाशी येईल. शरीर परकं प्रथिन ओळखतं आणि ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र झटक्याने, माणूस मिनिटांत जाऊ शकतो.

हत्ती सोंडेने चित्र काढतो, माकड फोटो काढतं. ती कला मानायची का?
— वसंत विहार

हत्तीचं चित्र माहुताच्या हाताचं असतं, तो कान ओढून रेघ वळवतो. काँगो नावाच्या चिंपांझीचं वेगळं. 1957 मध्ये लंडनला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. तो कागद भरत असताना मध्येच काढून घेतला तर चिडायचा. माकडाच्या सेल्फीचा खटला अमेरिकेत 2018 पर्यंत चालला. तिथल्या न्यायालयाने माकडाला कॉपीराइटचा दावा नाकारला. आमच्या मते चिडण्याला कॉपीराइटपेक्षा जास्त किंमत आहे.

हे सगळं प्रत्यक्ष बघायला व्हेनिसला जाणं शक्य नाही. जवळपास काय बघावं?
— नेरूळ

घारापुरी समोरच आहे. सोमवारी लेणी बंद असतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं तो आता भायखळ्याला जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हलवताना तो तुटला होता, नंतर जोडला. जोडाच्या रेषा शोधा. तिथूनच पाच मिनिटांवर पिंजऱ्यातले प्राणी आणि त्यांच्यासमोर सेल्फी घेणारे लोक आहेत, तेही बघा.

होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवटे चढवून सोंगं नाचवण्याचा आदिवासी उत्सव, असतो, 2014 पर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. सोंगं रात्री निघतात, मुक्कामाची सोय आधी करा. गर्दीत पुढे उभं राहण्यापेक्षा, जिथे सोंगं मुखवटा चढवतात आणि उतरवतात त्या बाजूला, विचारून, उभे राहा. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा.